हेडमास्तरांची गुप्त मंडळी

दादोबा पांडुरंग हे नाव निघाले की समोरचा विचारतो, "ते व्याकरणवाले ना?" हो, तेच. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते. पण याच माणसाने मुंबईत एक गुप्त मंडळी उभी केली, तिच्यात बहुतेक इंग्रजी शाळा-कॉलेजात शिकणारी किंवा नुकतीच शिकून बाहेर पडलेली मुले होती, आणि आत येताना प्रत्येकाला पाव खावा लागे, हे सांगितले की चेहऱ्यावर शंका उमटते. सरकारी नोकरीतला, मास्तर तयार करणाऱ्या शाळेचा प्रमुख असला उद्योग कशाला करेल? त्यामागोमाग याहून अवघड प्रश्न येतो. दार लावून, आतून कडी घालून जात मोडली, तर ती मोडली असे म्हणायचे का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आधी माणूस पाहू.

१. खेतवाडीतला मुलगा

दादोबांचा जन्म 9 मे 1814 रोजी मुंबईतल्या खेतवाडीत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे, म्हणून आडनाव तर्खडकर. जातीने वैश्य. वडिलांचे नाव पांडुरंग, आईचे यशोदा. पुढे दादोबांनी मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली तेव्हा तिला 'यशोदा पांडुरंगी' असे आईवडिलांचे नाव दिले. हे ध्यानात ठेवायचे, कारण जात मोडायला निघालेला हा माणूस घर मोडायला निघालेला नव्हता.

तिघे भाऊ, आणि तिघेही वेगळ्या वाटेने नावारूपाला आले. मधल्या भास्कर पांडुरंगांनी 1841 मध्ये 'बॉम्बे गॅझेट' या पत्रात इंग्रजी राज्याच्या लुटीवर जळजळीत पत्रे लिहिली. खाली सही होती 'एक हिंदू'. ते 1847 मध्ये ऐन तारुण्यात गेले. धाकटे आत्माराम डॉक्टर झाले, आणि प्रार्थना समाजाचा आरंभ त्यांच्या घरी झाला. तो धागा शेवटी येईल.

दादोबा मुंबईतच शिकले. मग माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक झाले. 1836 मध्ये त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापून आले तेव्हा त्यांचे वय होते 22. पुढे ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवू लागले, आणि 1840 नंतरच्या वर्षांत सुरतेच्या इंग्रजी शाळेवर गेले.

व्याकरणकार आणि बंडखोर या दोन भूमिका एका माणसात कशा नांदल्या, याचे पुष्कळांना नवल वाटते. मला तितकेसे वाटत नाही. लोक बोलतात त्यात नियम कोणता, सवय कोणती आणि चूक कोणती हे वेगळे करत बसणे हे व्याकरणकाराचे रोजचे काम. तीच नजर धर्माकडे वळली की माणूस विचारू लागतो, यातले तत्त्व कोणते आणि नुसती वहिवाट कोणती.

२. वाळीत टाकणे म्हणजे नेमके काय

गुप्ततेचे कारण कळायला आधी शिक्षा कळली पाहिजे. 'जातीबाहेर टाकणे' हे आज आपण पुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. त्या काळी ते रोजच्या व्यवहारातून, एकेक करून अंगावर येई.

समजा, 1850 च्या सुमाराचा एक मुलगा आहे. वय 20, एल्फिन्स्टनमध्ये शिकतो, गिरगावात काकांच्या घरी राहतो, लग्न झालेले आहे आणि बायको अजून माहेरी आहे. त्याने परजातीच्या हातचे खाल्ले अशी कुणकुण लागते. जातीची पंचायत बसते. मुलाला कोणी मारत नाही, तुरुंगात घालत नाही. फक्त त्याच्या घरचे भटजी यायचे थांबतात, म्हणून श्राद्ध अडते. न्हावी येत नाही. पंगतीची आमंत्रणे बंद होतात. सासरा मुलीला पाठवायला नकार देतो. काकांच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडते, कारण हा त्यांच्याच घरात राहतो. घरात कोणी गेले तर तिरडीला खांदा द्यायला माणसे गोळा होत नाहीत.

आता हिशेब मांडा. खाल्ले एकाने, पण भुर्दंड दहा-बारा माणसांना बसला. त्यातल्या एकीचा तर, म्हणजे त्या चुलत बहिणीचा, या भानगडीशी काडीचाही संबंध नव्हता. ग्रामण्याचा, म्हणजे जातीने घातलेल्या अशा बहिष्काराचा, जोर तिथे होता. बंडखोराला स्वतःची भीती नसली, तरी घरच्यांना चटका बसेल या विचाराने त्याचे पाय अडखळत.

याचा धडा मुंबईला नुकताच मिळालेला होता. 1843 मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. प्रकरण कोर्टात गेले आणि श्रीपत वडिलांच्या ताब्यात मिळाला. मुलाने धर्म बदलला नव्हता, तो फक्त मिशनऱ्यांच्या घरी जेवलाखाल्ला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले आणि बाळशास्त्रींच्या पक्षालाच बहिष्काराचा जाच झाला. ज्याला सगळे शहर विद्वान म्हणून मानत होते त्याची ही गत, तर परीक्षेच्या उंबरठ्यावरच्या पोराची काय?

३. सुरतेची उघडी सभा

सुरतेत दादोबांना दुर्गाराम मंछाराम मेहताजी भेटले. ते गुजराती शाळेचे मास्तर, नागर ब्राह्मण, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते आणि जिभेचे फटकळ. दोघांनी आणखी काही मित्रांसह 22 जून 1844 रोजी 'मानवधर्म सभा' काढली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास अशी ही पाच 'द'ची मंडळी.

ही सभा गुप्त नव्हती. बैठका भरत, वाद होत, ज्याला यायचे त्याने यावे. मांत्रिकांना उघड आव्हान दिले जाई की आमच्यासमोर मंत्राचा प्रताप दाखवा. दुर्गाराम अशा वेळी रंगात येत. दादोबांचा पिंड वेगळा होता. त्यांनी 1843 मध्ये 'धर्मविवेचन' हा ग्रंथ लिहून ठेवला होता, आणि सभेची तत्त्वे त्यात सापडतात. ईश्वर एक आहे, त्याचीच भक्ती करावी. खरा धर्म प्रेमात आणि नीतीच्या वागण्यात आहे. माणसाची जात एकच. प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य असावे. रोजचे बोलणे-वागणे विवेकाला धरून असावे. ज्ञान सगळ्यांना मिळावे.

मात्र तत्त्वे मांडली तरी सुरतेच्या सभेने जातीचे नियम प्रत्यक्ष मोडले नाहीत. भाषण ऐकायचे आणि घरी जाऊन सोवळ्यात जेवायचे. त्यामुळे लोक चिडले, पण फार काही बिघडले नाही. 1846 मध्ये दादोबा मुंबईला परतले आणि सभेचा एक खांब गेला. दुर्गारामांनी काही वर्षे रेटले, मग तेही राजकोटला गेले आणि सभा विझली.

'धर्मविवेचन'चे पुढे काय झाले हे इथेच सांगून टाकतो. लिहिले 1843 मध्ये, छापले 1868 मध्ये. मधे 25 वर्षे गेली. आणि छापले तेव्हाही लेखक म्हणून दादोबांचे नाव नव्हते. 'एक जगद्वासी आर्य' एवढेच होते.

४. मुंबईत दोन सभा

1846 मध्ये बाळशास्त्री वारले. सरकारी मराठी शाळांसाठी मास्तर तयार करणारा नॉर्मल स्कूलचा वर्ग त्यांच्याकडे होता, तो दादोबांकडे आला. आजच्या हिशेबाने डी.एड. कॉलेजचे प्राचार्यपद म्हणा. या जागेचे महत्त्व पगारात नव्हते. इथून शिकून निघालेला तरुण उद्या रत्नागिरीला, नगरला किंवा बेळगावला शाळा उघडणार होता. एका वर्गाला पटलेली गोष्ट चार जिल्ह्यांत पोहोचू शकत होती.

त्याच सुमारास एल्फिन्स्टनच्या आवारात विद्यार्थ्यांची चळवळ चालू झाली होती. जून 1848 मध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' निघाली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्या पुढाऱ्यांत होते. निबंध वाचायचे, चर्चा करायच्या. तिच्या मराठी आणि गुजराती शाखाही झाल्या, आणि मराठी ज्ञानप्रसारक सभेचे पहिले अध्यक्ष झाले दादोबा पांडुरंग. 1849 मध्ये या सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. स्वतःचा फावला वेळ देऊन हे विद्यार्थी तिथे फुकट शिकवत. हे सगळे उघडपणे, सरकारच्या आणि शहरातल्या श्रीमंतांच्या आशीर्वादाने चालले होते.

आणि त्याच 1849 मध्ये दुसरी सभा जन्मली, ती दाराआडची. तिचे नाव परमहंस मंडळी. प्रेरणा आणि तत्त्वे दादोबांची. सुरतेचे दुर्गारामही आरंभीच्या लोकांत गणले जातात. अध्यक्ष म्हणून रामचंद्र बाळकृष्ण जयकर पुढे आले. दादोबा स्वतः अध्यक्ष झाले नाहीत. सरकारी हुद्द्यामुळे म्हणा, स्वभावामुळे म्हणा. प्रार्थना मात्र त्यांच्याच 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' या पद्यातून होत.

एकाच शहरात, एकाच वर्षी, पुष्कळशा त्याच त्या तरुणांच्या या दोन सभा. उजेडातल्या सभेत जातीविषयी निबंध वाचता येई, अंधारातल्या सभेत तिच्याविरुद्ध वागता येई. मुलींची शाळाही तेव्हा धाडसाचीच गोष्ट होती, तरी ती चारचौघांत करता आली. एकत्र जेवण नाही करता आले. त्या समाजाला कुठे दुखत होते हे यावरून कळते.

५. पाव आणि पाणी

आता प्रवेशाचा विधी. मंडळीने दोन गोष्टी आधीच ठरवल्या होत्या. कोणत्याही धर्मावर हल्ला करायचा नाही, आणि आमचाच ग्रंथ ईश्वराने दिलेला व बिनचूक आहे असे सांगणारा कोणताही धर्म मानायचा नाही. एकीकडे शास्त्री आणि दुसरीकडे मिशनरी, दोघांनाही हे एका दमात दिलेले उत्तर होते. त्या काळच्या सुशिक्षित मुलाला या दोघांच्या मधोमध उभे राहायला दुसरी जागाच नव्हती.

आत येणारा जातिभेद मानणार नाही असे वचन देई. मग त्याच्यासमोर पावाचा तुकडा येई, ख्रिस्ती भटारखान्यात भाजलेला. तो त्याने सगळ्यांदेखत खायचा. काही जागी मुसलमानाच्या हातचे पाणीही प्यावे लागे. झाले, तो मंडळीचा बंधू झाला. मग प्रार्थना, आणि सगळ्या जातींनी एका पंगतीत जेवण.

आज सकाळी चहाबरोबर पाव खाणाऱ्याला यात काय विशेष, असे वाटेल. मुंबईत भट्ट्या होत्या त्या मुख्यतः गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांच्या. पीठ भिजवायचे पाणी त्यांचे, फुगवायला ताडी, भाजणारे हात त्यांचे. सोवळ्याच्या हिशेबात चुका व्हायच्या तेवढ्या सगळ्या त्या एका तुकड्यात झालेल्या असत. विहिरीत पाव टाकला की पाणी पिणारा गाव बाटला, अशी समजूत ज्या मुलखात होती, तिथे तो जाणूनबुजून तोंडात घालायचा होता. मटण किंवा दारू चोरून खाणारे-पिणारे तेव्हाही होते. पण ते चोरी म्हणूनच करत. इथे तेच कृत्य साक्षीदारांसमोर, शपथ म्हणून होत होते.

या विधीत एक व्यावहारिक शहाणपणही होते. भिशीत जसे प्रत्येकाचे पैसे दुसऱ्यांकडे अडकलेले असतात आणि म्हणून कोणी एकदम उठून जात नाही, तसे इथे प्रत्येकाची अब्रू इतरांकडे अडकलेली होती. ज्याने पाव खाल्ला नाही असा एकही माणूस खोलीत नसल्यावर चहाडी करणार कोण?

मंडळी वाढली. पुणे, अहमदनगर, रत्नागिरी, बेळगाव अशा शाखा निघाल्या. सभासद ब्राह्मण होते, शेणवी होते, प्रभू होते, इतर जातींचेही होते. तुकाराम तात्या पडवळ हे भंडारी. रत्नागिरीकडून एल्फिन्स्टनमध्ये शिकायला आलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर विद्यार्थिदशेतच मंडळीत आले, पुढे ते जगन्मान्य संस्कृत पंडित झाले. बेळगावचे बाबा पद्मनजीही मंडळीत येऊन गेले. 1854 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही उघडपणे. त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात मंडळीची आतली हकीकत आहे, म्हणूनच तिच्याबद्दल आज इतके तरी माहीत आहे.

संख्या पुरेशी वाढली की उघडपणे बाहेर यायचे, असा मंडळीचा बेत होता. एकट्याला वाळीत टाकणे सोपे, हजारभर सुशिक्षितांना टाकणे अवघड. हिशेब चुकीचा नव्हता. पण 'पुरेशी' म्हणजे किती, हे ठरवणारे तेच होते आणि भीतीही त्यांचीच होती, त्यामुळे तो आकडा कधी आलाच नाही.

दादोबा तोवर मुंबईत राहिले नव्हते. 1852 मध्ये ते डेप्युटी कलेक्टर होऊन अहमदनगरला गेले. 1857 च्या धामधुमीत भिल्लांच्या बंडाचा बंदोबस्त केल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले. गुप्त मंडळीचा जनक आणि इंग्रज सरकारचा रावबहादूर या दोन गोष्टी आज आपल्याला विसंगत वाटतात. त्यांच्या पिढीला वाटत नव्हत्या. त्यांचे भांडण पंचायतीशी होते, आणि पंचायतीला आवर घालू शकेल अशी एकच सत्ता त्यांना दिसत होती.

६. यादी

शेवट एका चोरीने झाला. 1860 च्या सुमारास मंडळीची कागदपत्रे चोरीला गेली. त्यांत सभासदांची यादी होती. नावे फुटली. ज्यांची नावे बाहेर आली ते घाबरले, ज्यांची यायची होती ते त्याहून घाबरले, आणि मंडळी पांगली.

गुप्त मंडळीने नावांची यादी ठेवलीच कशाला, हा प्रश्न मला नेहमी पडतो. माझा अंदाज असा आहे की ही सगळी शाळा-कचेरीतली माणसे होती. हजेरीपट, इतिवृत्त, जमाखर्च याशिवाय सभा चालते हे त्यांच्या डोक्यातच बसत नसणार.

त्यांना भित्रे म्हणण्याआधी तीस वर्षे पुढे जाऊन पाहा. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींसमोर चहा-बिस्किटे ठेवली गेली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवली. पुन्हा एकदा यादीच! खटला शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत गेला. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला काढला, आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले. हायकोर्टाच्या पायरीवर पोहोचलेल्या रानड्यांना कपभर चहा 1890 नंतर इतका महाग पडला, तर 1850 मधल्या विद्यार्थ्याला पाव किती महाग पडला असता, याचा हिशेब वाचकाने स्वतः करावा.

७. मंडळीतून काय निघाले

मंडळी मेली, माणसे उरली. तुकाराम तात्या पडवळांनी 1861 मध्ये 'जातिभेद विवेकसार' हे पुस्तक काढले, त्यावरही नाव 'एक हिंदू'. त्याची दुसरी आवृत्ती 1865 मध्ये जोतीराव फुले यांनी काढली. फुल्यांना मुखवट्याची गरज वाटली नाही.

31 मार्च 1867 रोजी दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला. जुन्या मंडळीतले काही जण तिथे आले, पुढे भांडारकर आणि रानडेही आले. एकेश्वरी उपासना उघडपणे होऊ लागली, व्याख्याने झाली, रात्रशाळा निघाल्या. पण सभासद व्हायला जात मोडली पाहिजे, ही अट मात्र ठेवली गेली नाही.

तर दार लावून मोडलेली जात ही मोडलेली म्हणायची का? माझे मत असे. त्या खोलीत बसलेल्यांपुरती ती मोडली, आणि ते थोडके नव्हते. विटाळाची भीती डोक्यातून काढायला व्याख्यान पुरत नाही, घास गिळावा लागतो, हे दादोबांच्या शिष्यांनी त्यांच्याही पुढे जाऊन ओळखले. पण मंडळी पुरुषांची होती. घरी स्वयंपाकघर वेगळे होते आणि त्यात काय चालते हे ठरवणाऱ्या बायकांना मंडळीचा पत्ताही नव्हता. जात राहते लग्नात आणि चुलीपाशी, आणि तिथवर हा पाव पोहोचला नाही. फुल्यांनी बायकोला बरोबर घेऊन, भर पुण्यात, शिव्या खात जे केले, त्याच्याशी या मंडळीची बरोबरी होत नाही.

दादोबा 17 ऑक्टोबर 1882 रोजी वारले. शेवटच्या वर्षांत ते स्वीडनबोर्ग या युरोपीय तत्त्वज्ञाचे ग्रंथ वाचत होते, आणि 1878 मध्ये त्यांवर इंग्रजीत एक पुस्तकही त्यांनी लिहिले. व्याकरणावरचे काम अखेरपर्यंत चालूच होते. त्यांनी आत्मचरित्र लिहिले, पण ते मंडळीच्या स्थापनेपर्यंत येत नाही, अलीकडेच थांबते.

हा काळ जवळून पाहायचा असेल तर आधी बाबा पद्मनजींचे 'अरुणोदय' वाचा आणि मग अ. का. प्रियोळकरांनी संपादित केलेले दादोबांचे आत्मचरित्र. प्रियोळकरांनी परमहंस सभेवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले आहे, ते जुन्या ग्रंथसंग्रहालयांत मिळते. शक्य तर तिन्ही वाचा. पद्मनजी मंडळी सोडून गेलेले होते आणि दादोबा तिच्याबद्दल गप्प होते, म्हणून एकट्या कोणावर भिस्त ठेवून निकाल देऊ नका.